पासवर्डची पट्टी हिरवी कधी होऊ द्यायची: वेब ॲपसाठी मीटर बनवण्याची पद्धत

नोंदणीच्या फॉर्ममध्ये पासवर्डच्या रकान्याखाली एक पट्टी असते. दोन अक्षरं टाकली की लाल, पाच टाकली की केशरी, एक कॅपिटल आणि एक ‘@’ आला की हिरवी. अशी पट्टी अर्ध्या तासात बनते आणि बहुतेक वेळा चुकीचंच सांगते. पासवर्ड ओळखायला किती प्रयत्न लागतील हे ती मोजत नाही. त्यात किती प्रकारची अक्षरं आहेत एवढंच मोजते. ‘पास@१२३’ हा पासवर्ड रोमन अक्षरांत, पहिलं अक्षर कॅपिटल ठेवून लिहून पाहा. बरोबर आठ अक्षरं भरतात. कॅपिटल आहे, लहान अक्षर आहे, अंक आहे, चिन्ह आहे. चारही अटी पुऱ्या होतात, पट्टी हिरवी होते, आणि हल्लेखोर सगळ्यात आधी जे पासवर्ड लावून बघतो त्यांत हाच असतो.

हिरवी पट्टी पाहिली की माणूस निश्चिंत होतो. म्हणून खोटी हिरवी पट्टी असण्यापेक्षा पट्टीच नसलेली बरी. खालची सगळी पद्धत या एका गोष्टीभोवती आहे: मीटरने, म्हणजे या पट्टीने, अंदाज बांधायचा तो हल्लेखोराच्या बाजूने, आणि आपले वापरकर्ते खरोखर कोणते शब्द निवडतात ते ओळखून.

काय मोजायचं

जुनं सूत्र असं: अक्षरांची संख्या गुणिले एका अक्षरामागचे बिट. बिट हे अंदाज बांधण्याच्या कष्टाचं माप, एक बिट वाढला की लागणारे प्रयत्न दुप्पट होतात. कीबोर्डवरची ९५ चिन्हं धरली तर एका अक्षरामागे ६.५७ बिट, म्हणजे ‘पास@१२३’चे ५२.६ बिट. आता ७,७७६ शब्दांच्या यादीतून फासे टाकून चार शब्द निवडा. प्रत्येक शब्दाचे १२.९ बिट, चारांचे ५१.७. सूत्राच्या लेखी दोन्ही जवळजवळ सारखे, उलट पहिलाच किंचित भारी. पण दुसऱ्या पासवर्डचे ५१.७ बिट खरे आहेत, कारण निवड फाशांनी केली. पहिल्याचे ५२.६ बिट नुसते कागदावर आहेत, कारण तो माणसाने सवयीने निवडला. लांबीचं सूत्र फक्त यादृच्छिक पासवर्डला लागू पडतं, आणि माणसं यादृच्छिक पासवर्ड निवडत नाहीत.

कॅपिटल-अंक-चिन्ह ही सक्ती रुळली ती मुख्यतः अमेरिकेच्या निस्ट या संस्थेच्या २००३च्या मार्गदर्शिकेमुळे. तिचे लेखक बिल बर यांनी २०१७मध्ये त्या सल्ल्याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली. त्याच वर्षीच्या नव्या मार्गदर्शिकेत निस्टने अक्षरप्रकारांची सक्ती करू नका, ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नका, गळालेल्या पासवर्डांच्या यादीशी तुलना करा आणि वापरकर्त्याला मीटरसारखं मार्गदर्शन द्या, असं सांगितलं. त्यामुळे ‘एक कॅपिटल हवं’, ‘एक चिन्ह हवं’ अशा बरोबरच्या खुणांची यादी तुमच्या आराखड्यात असेल, तर ती आधी काढा. तिच्या जागी एकच अट ठेवा: किमान लांबी. दुसरा घटक, म्हणजे ओटीपी किंवा ॲप, सक्तीचा असेल तर ८ चालतील. पासवर्ड हाच एकमेव दरवाजा असेल तर १५ ठेवा. वरची मर्यादा ६४पेक्षा कमी नको.

स्कोअर काढण्यासाठी स्वतःचं सूत्र लिहू नका. ड्रॉपबॉक्समध्ये डॅन व्हीलर यांनी २०१२मध्ये प्रसिद्ध केलेली झेडएक्ससीव्हीबीएन ही मोफत लायब्ररी आहे. कीबोर्डच्या खालच्या ओळीतली पहिली सहा अक्षरं हेच तिचं नाव. ती पासवर्डचे तुकडे पाडते. शब्दकोशातले शब्द, उलटे लिहिलेले शब्द, ए-च्या जागी @ अशी अदलाबदल, कीबोर्डवर शेजारी असलेल्या कळा, पुनरावृत्ती, क्रमवार अक्षरं, तारखा, वर्षं, सगळं शोधते. हल्लेखोराला सगळ्यात स्वस्त पडेल अशी तुकड्यांची जुळणी धरून किती प्रयत्न लागतील ते सांगते. हजारापर्यंत प्रयत्न म्हणजे स्कोअर ०, दहा लाखांपर्यंत १, दहा कोटींपर्यंत २, एक हजार कोटींपर्यंत ३ आणि त्यापुढे ४. सोबत एक इशारा आणि सुधारणेच्या सूचनाही मिळतात.

मूळ लायब्ररीची ४.४.२ ही आवृत्ती २०१७ची आहे आणि तिचं वय जाणवतं. अलीकडचं वर्ष ओळखणारा तिचा नमुना १९०० ते २०१९ एवढाच आहे. म्हणजे नावापुढे २०१८ लावलं तर त्या वर्षाचे अगदी थोडे प्रयत्न धरले जातात, २०२५ लावलं तर कितीतरी जास्त. नवीन काम सुरू करत असाल तर तिचंच टाइपस्क्रिप्टमधलं नवं रूप घ्या. त्याच्या नावाच्या शेवटी टीएस जोडलेलं आहे, आणि त्यात शब्दकोश वेगवेगळ्या पॅकेजांतून जोडता येतात. आपल्याला तेच हवं आहे.

फॉर्मची मांडणी

पासवर्डच्या इनपुटला ऑटोकंप्लीट ‘न्यू-पासवर्ड’ द्या, म्हणजे ब्राउझर आणि पासवर्ड मॅनेजर स्वतःहून लांब पासवर्ड सुचवतील. पेस्ट कधीही अडवू नका. मॅक्सलेंग्थ लावू नका. वापरकर्त्याने ८० अक्षरं पेस्ट केली आणि ब्राउझरने ६४वर गुपचूप कापली, तर मॅनेजरमध्ये ८० साठतात आणि दुसऱ्या दिवशी लॉगिन होत नाही. लांबीची तपासणी कोडमध्ये करा आणि दिसेल असा संदेश द्या. पुढची-मागची रिकामी जागाही काढून टाकू नका.

पासवर्ड दाखवण्याचं बटण द्या, पण त्यात एक खाच आहे. दाखवण्यासाठी इनपुटचा प्रकार ‘पासवर्ड’वरून ‘टेक्स्ट’ केला की ब्राउझरचा ऑनलाइन शुद्धलेखन तपासनीस तो मजकूर बाहेर पाठवू शकतो. म्हणून स्पेलचेक बंद ठेवा, ऑटोकॅपिटलाइजही बंद ठेवा. वापरकर्त्याच्या हालचाली टिपणारी एखादी स्क्रिप्ट पानावर असेल तर ती ‘पासवर्ड’ प्रकारचा रकाना झाकते, पण ‘टेक्स्ट’ झाल्यावर झाकेलच असं नाही. अशी स्क्रिप्ट नोंदणीच्या पानावरून काढून टाकणं हाच खरा इलाज.

मीटर चालवायला ‘इनपुट’ ही घटना ऐका, ‘की-अप’ नको. माउसने किंवा बोटाने केलेलं पेस्ट, मॅनेजरने भरलेला पासवर्ड, फोनवर बोलून टाकलेला मजकूर यांत की-अप येतच नाही, आणि अँड्रॉइडच्या कीबोर्डवर आली तरी खरी कळ कोणती ते कळत नाही. नुसती की-अप ऐकणाऱ्या मीटरमध्ये मॅनेजरने २० अक्षरांचा उत्तम पासवर्ड भरला तरी पट्टी रिकामीच राहते.

लायब्ररी कधी आणायची

मूळ लायब्ररी दाबून बसवलेल्या स्वरूपातही सुमारे ४०० केबी भरते. त्यातला बहुतांश भाग शब्दकोशाचा. पान उघडताच ती ओढू नका. वापरकर्ता पासवर्डच्या रकान्यात आला, म्हणजे ‘फोकस’ घटना आली, की डायनॅमिक इम्पोर्टने मागवा. त्याआधी नाव-ईमेल भरण्यात जो वेळ गेला तेवढ्यात बाकीचं पान स्थिर झालेलं असतं. लायब्ररी येईपर्यंत पट्टी राखाडी ठेवा आणि खाली फक्त लांबीचा हिशेब दाखवा. ती आलीच नाही, तालुक्याच्या गावी टूजीवर फोन आहे असं धरा, तरी फॉर्म अडता कामा नये. न मोजलेला पासवर्ड ‘कमकुवत’ म्हणून दाखवणं हेही खोटंच.

मोजणीला २५ अक्षरांपर्यंत ५ ते २० मिलिसेकंद लागतात, शंभर अक्षरांना १००च्या आसपास. कोणी पानभर मजकूर पेस्ट केला तर टॅब गोठतो, म्हणून मोजायला पहिली १०० अक्षरंच द्या. साठवायचा आणि तपासायचा मात्र पूर्ण पासवर्ड. स्वस्त फोन डोळ्यांसमोर असतील तर मोजणी वेब वर्करमध्ये, म्हणजे पानाला न अडवता मागे चालणाऱ्या कोडमध्ये, हलवा. मग उत्तरं उलटसुलट क्रमाने येऊ शकतात: वापरकर्त्याने अक्षरं खोडली आणि आधीच्या लांब पासवर्डचं ‘४’ हे उत्तर नंतर पोचलं. प्रत्येक विनंतीला चढता क्रमांक द्या आणि शेवटच्या क्रमांकाचं नसलेलं उत्तर टाकून द्या. शेवटच्या कळेनंतर १५० मिलिसेकंद थांबून मोजा, म्हणजे पट्टी लुकलुकत नाही.

आपल्या लोकांचे शब्द

इथे सगळ्यात जास्त वेळ घाला. या लायब्ररीचे कोश इंग्रजी विकिपीडिया, अमेरिकेतली नावं-आडनावं, अमेरिकन दूरदर्शन-सिनेमा आणि गळालेले पासवर्ड यांवरून केलेले आहेत. जो तुकडा त्यांत सापडत नाही त्याला ती दर अक्षरागणिक प्रयत्न दहापट धरते. म्हणजे कोशाला अनोळखी असलेला अकरा रोमन अक्षरांचा शब्द दहा हजार कोटी प्रयत्नांचा ठरतो आणि थेट ४ मिळवतो. तो शब्द एखाद्या कुलदैवताचं नाव असेल, आणि महाराष्ट्रातल्या कोणत्याही हल्लेखोराने तो पहिल्या शंभरात लावला असता, हे लायब्ररीला माहीत नाही. दहा आकडी मोबाइल नंबरचंही तसंच. त्यात तारखेसारखा तुकडा नसेल तर नुसत्या नंबरला ३ मिळतात.

म्हणून स्वतःची यादी करा. तिच्यात काय यावं: मुलामुलींची प्रचलित नावं आणि आडनावं, ३६ जिल्हे, तालुके, मोठी गावं, रायगड, शिवनेरी, सिंहगड असे किल्ले, गणपती, विठ्ठल, खंडोबा, तुळजाभवानी, साईबाबा, स्वामी समर्थ, गोव्याच्या वापरकर्त्यांसाठी मंगेशी आणि शांतादुर्गा, जय महाराष्ट्र, हर हर महादेव, जय भीम, राम कृष्ण हरी, गणपती बाप्पा मोरया यांसारखी जोडून लिहिली जाणारी वाक्यं, आई, बाबा, दादा, ताई, पिल्लू, सोन्या, राणी अशी लाडाची नावं. दोन-तीन हजार नोंदी पुरतात.

रोमन लिपीत मराठी लिहिण्याची एकच पद्धत नाही, म्हणून प्रत्येक नोंदीची रूपं आपोआप तयार करणारी छोटी स्क्रिप्ट लिहा. दुहेरी ए आणि एकेरी ए, दुहेरी ई आणि आय, दुहेरी ओ आणि यू, व्ही आणि डब्ल्यू, ‘क्ष’साठी के-एस-एच आणि एक्स, ‘ठ’साठी टी-एच, टी-टी-एच आणि नुसता टी, ‘ज्ञ’साठी डी-एन-वाय, जी-वाय आणि जे-एन. लक्ष्मी, विठ्ठल, ज्ञानेश्वर ही तीन नावं या स्क्रिप्टमधून काढून पाहा. सवयीची सगळी रूपं आली तर स्क्रिप्ट ठीक आहे.

जुन्या लायब्ररीत ही यादी मोजणीच्या फंक्शनला ‘युजर इनपुट्स’ या दुसऱ्या पॅरामीटरमधून द्यावी लागते. तिथे दोन गोष्टी सांभाळा. यादीतला क्रमांक म्हणजेच प्रयत्नांची संख्या, म्हणून वापरकर्त्याचं स्वतःचं नाव, ईमेल आणि तुमच्या संकेतस्थळाचं नाव सगळ्यात वर, मग देव-जिल्हे, मग कमी वापरातले शब्द. शिवाय प्रत्येक मोजणीला ही यादी नव्याने रचली जाते, त्यामुळे पन्नास हजार शब्द दिले तर प्रत्येक कळेला फोन अडखळेल. नव्या टीएस रूपात कोश एकदाच सुरुवातीला जोडता येतो. तिथे यादी मोठी असली तरी चालते.

ईमेल अख्खा देऊ नका. ‘@’, टिंब, अधोरेषा आणि अंक यांवर तोडून तुकडे द्या, नाहीतर ईमेलमधलं आडनाव पासवर्डमध्ये आलेलं ओळखू येणार नाही. नाव-आडनावाचंही तेच.

गाडीचा नंबर आणि मोबाइल नंबर यादीत मावत नाहीत, त्यांच्यासाठी नमुने लिहा. एमएच किंवा जीए, मग दोन अंक, एक-दोन अक्षरं, चार अंक असा तुकडा; ६ ते ९ने सुरू होणारे दहा अंक; सहा अंकी पिनकोड. असा तुकडा सापडला की तो त्या मोजणीपुरता यादीच्या शेवटी जोडायचा. मग तो ‘काही हजार प्रयत्नांचा’ ठरतो, आणि हे वास्तवाशी बरंच जुळतं: घरातल्या किंवा ऑफिसातल्या माणसाला तो माहीतच असतो.

आणखी एक गंमत लक्षात ठेवण्यासारखी. इनस्क्रिप्ट या देवनागरी कीबोर्ड-मांडणीची सवय असलेले काही जण कीबोर्ड इंग्रजीवर ठेवून मराठी शब्दाच्या कळा दाबतात. ‘नमस्कार’ टाइप केला की व्ही-सी-एम-डी-के-ई-जे अशी सात अक्षरं उमटतात. ती दिसतात अगदी यादृच्छिक. पण यादीतल्या देवनागरी शब्दांना इनस्क्रिप्टचा तक्ता लावणं हे दहा ओळींचं काम आहे. हल्लेखोराला जमतं ते तुमच्या स्क्रिप्टलाही जमायला हवं.

पासवर्ड देवनागरीतच असेल तेव्हा

बँकेच्या किंवा सरकारी कामाच्या संकेतस्थळावर देवनागरी पासवर्ड नाकारणं सोपं वाटतं, पण एखादं लांब मराठी वाक्य हा लक्षात राहणारा आणि भक्कम पासवर्ड असू शकतो. स्वीकारायचा असेल तर पुढचं नीट करा.

पहिलं, मोजणी. ‘महाराष्ट्र’ हा शब्द संगणकाच्या लेखी दहा अक्षरांचा आहे, कारण काना आणि हलन्त वेगळे मोजले जातात. लायब्ररी तो ओळखत नाही, दहाचा दहावा घात धरते आणि एका राज्याच्या नावाला ३ देते. यादीतली प्रत्येक नोंद देवनागरीतही द्या. मोजण्यापुरती पासवर्डची एक प्रत घ्या आणि तिच्यातले ० ते ९ हे देवनागरी अंक रोमन अंकांत बदला, म्हणजे जन्मतारखा पकडल्या जातील. युनिकोडचं सामान्यीकरण, म्हणजे एकच अक्षर लिहिण्याच्या वेगवेगळ्या पद्धती एकसारख्या करणं, हा बदल आपोआप करत नाही.

दुसरं, एकच शब्द दोन प्रकारे साठणं. ‘दुसऱ्या’मधला ऱ काही कीबोर्ड एका चिन्हाने लिहितात, काही र आणि नुक्ता अशा दोन चिन्हांनी. डोळ्यांना फरक दिसत नाही, हॅश, म्हणजे पासवर्डऐवजी साठवली जाणारी त्याची उलट न फिरवता येणारी खूण, मात्र पूर्ण वेगळा येतो. नोंदणी संगणकावर आणि लॉगिन फोनवर झालं की ‘पासवर्ड चुकीचा’. हॅश करण्याआधी जावास्क्रिप्टच्या नॉर्मलाइझने किंवा सर्व्हरवरच्या तशाच फंक्शनने एकच रूप करा. निस्टने २०१७मध्ये युनिकोडची एनएफकेसी किंवा एनएफकेडी ही रूपं सांगितली. पण तिसरी पद्धतही आहे: र, हलन्त आणि त्यानंतर न दिसणारं जोडचिन्ह. हे सामान्यीकरणाने एकरूप होत नाही. नुसतं अदृश्य चिन्ह काढूनही होत नाही, कारण र आणि ऱ वेगळेच राहतात. या तीन चिन्हांच्या जागी ऱ आणि हलन्त घालायचं ठरवलंत तर नोंदणी, लॉगिन आणि पासवर्ड बदल या तिन्ही ठिकाणी एकाच फंक्शनमधून घाला, आणि हे पहिल्या दिवसापासून करा. नंतर नियम बदलला तर जुने वापरकर्ते बाहेर राहतील.

तिसरं, बीक्रिप्ट. हे हॅशिंग पहिल्या ७२ बाइटांपलीकडे बघत नाही. यूटीएफ-८मध्ये एका देवनागरी चिन्हाला ३ बाइट लागतात, म्हणजे मर्यादा २४ चिन्हांवर आली. मात्रा धरून २४ चिन्हं म्हणजे चार-पाच शब्द. काही लायब्रऱ्या उरलेला भाग गुपचूप टाकून देतात. वापरकर्त्याला ४० चिन्हांच्या वाक्यावर हिरवी पट्टी दिसते आणि हिशेबात येतो फक्त सुरुवातीचा भाग. नवीन ॲपमध्ये आर्गॉन२आयडी हे हॅशिंग वापरा. बीक्रिप्टच असेल तर ७२ बाइटांवर स्पष्ट संदेश देऊन थांबवा.

गळालेल्या पासवर्डांची तपासणी

२००९मध्ये रॉकयू या कंपनीकडून ३ कोटी २० लाख पासवर्ड उघड्या मजकुरात गळाले. तेव्हापासून हल्लेखोर अंदाज बांधायला अशाच खऱ्या याद्या घेतात. तुम्हीही घ्या. ट्रॉय हंट यांच्या हॅव आय बीन पोन्ड या सेवेत गळालेल्या पासवर्डांचा शोध किल्लीशिवाय, मोफत घेता येतो. पासवर्डचा शा-१ हॅश काढायचा, त्याच्या ४० अक्षरांपैकी फक्त पहिली ५ पाठवायची. त्या पाच अक्षरांनी सुरू होणारे सगळे हॅश उरलेल्या ३५ अक्षरांसह परत येतात, पुढे प्रत्येक किती वेळा सापडला तो आकडा. जुळणी तुमच्याच बाजूला करायची. पॅडिंगचा हेडर पाठवलात तर उत्तरात भरीच्या नोंदी येतात. त्यांचा आकडा शून्य असतो, त्या सोडून द्या.

ही तपासणी प्रत्येक कळेला कधीही करू नका. पहिलं अक्षर टाकताच त्याच्या हॅशची पाच अक्षरं गेली, मग पहिल्या दोन अक्षरांची, मग तीन. हॅशच्या प्रत्येक अक्षराला १६ पर्याय, म्हणून पाच अक्षरांचे १०,४८,५७६ प्रकार होतात आणि पुढचं अक्षर निवडायला पर्याय जेमतेम ९५. या विनंत्या ज्याला वाचता येतात असा कोणीही एकेक अक्षर उलगडत पूर्ण पासवर्ड काढू शकतो. जी पद्धत गुप्तता राखण्यासाठी बनली, तिचाच असा वापर पासवर्ड उघडा पाडतो. फॉर्म पाठवल्यावर, एकदाच, सर्व्हरवरून तपासा.

तरीही ब्राउझरमधून करायचं असेल तर रकान्यातून बाहेर पडल्यावर करा आणि दोन अडचणी धरून चाला. ब्राउझरमध्ये हॅश काढून देणारं क्रिप्टो-सटल फक्त एचटीटीपीएस किंवा लोकलहोस्टवर मिळतं, त्यामुळे लॅपटॉपवर चालणारा कोड त्याच लॅपटॉपच्या आयपीवर फोनमधून उघडला की बंद पडतो. आणि पानाच्या सुरक्षा धोरणात त्या सेवेचा पत्ता परवानगीत नसेल तर विनंती निघतच नाही. सेवेकडून २ सेकंदांत उत्तर आलं नाही तर नोंदणी होऊ द्या आणि पुढच्या लॉगिनला पुन्हा तपासा.

पट्टी आणि तिच्याखालचं वाक्य

चार खंडांची पट्टी घ्या. रकाना रिकामा असताना चारही खंड राखाडी. स्कोअर ० आणि १ला एक खंड, २ला दोन, ३ला तीन, ४ला चार. गळालेल्या यादीत सापडला तर स्कोअर काहीही असो, एकच खंड.

रंगांची चूक हमखास होते ती पिवळ्यात. नेहमीचा अंबर, आरजीबी २५५-१९३-७, पांढऱ्यावर १.६ एवढाच कॉन्ट्रास्ट देतो. गरज किमान ३ची आहे. लालसाठी १७९-३८-३०, केशरीसाठी १८०-९५-६, हिरव्यासाठी २७-१२२-६१ घेतले तर पांढऱ्यावर तिन्ही ४.५च्या वर जातात. रिकाम्या खंडांना २२४-२२४-२२४ हा राखाडी ठेवला तर त्याच्याशीही ३च्या वर. हेच रंग खालच्या अक्षरांनाही चालतात. पण रंगावर विसंबू नका. लाल-हिरवा न ओळखणाऱ्याला खंडांची संख्या आणि शब्द यांवरूनच कळायला हवं.

शब्द निवडताना पदवी देऊ नका, काय होईल ते सांगा. ० आणि १ला ‘सहज ओळखता येईल’, २ला ‘अजून कच्चा आहे’, ३ला ‘चालेल’, ४ला ‘पक्का’. त्याखाली एकच सूचना, नेमकी. लायब्ररीचे इशारे इंग्रजीत असतात आणि शब्दशः भाषांतर केलं तर कोणाला कळत नाहीत. प्रत्येक प्रकारासाठी स्वतः वाक्य लिहा: ‘तुमचं आडनाव यात आहे’, ‘जन्मतारीख ओळखीच्या माणसाला माहीत असते’, ‘@१२३ जोडल्याने फरक पडत नाही, आणखी एक असंबद्ध शब्द जोडा’. ‘पासवर्ड फोडायला ३०० वर्षं लागतील’ असला आकडा दाखवू नका. लायब्ररी सेकंदाला दहा हजार प्रयत्न आणि सेकंदाला एक हजार कोटी प्रयत्न, दोन्ही गृहीतांनी वेळ काढते. कोणतं गृहीतक खरं ठरेल हे चोरी झाल्यावरच कळतं.

मीटरने फरक पडतो का? कार्नेगी मेलनच्या संशोधकांनी २०१२मध्ये २,९३१ लोकांवर १४ प्रकारचे मीटर तपासले. मीटर दिसल्यावर लोकांनी लांब पासवर्ड केले, पण फोडायला खरोखर कठीण पासवर्ड आले ते गुण द्यायला कडक असलेल्या मीटरांमुळे. म्हणून ३ला पट्टी पूर्ण भरून टाकायचा मोह आवरा.

स्क्रीन रीडरसाठी पट्टी लपवा आणि खालचं वाक्य ‘स्टेटस’ भूमिकेच्या रकान्यात ठेवा, तो रकाना पान उघडतानाच रिकामा हजर असू द्या. नंतर घातलेला रकाना अनेकदा वाचलाच जात नाही. टायपिंग थांबल्यावर एक सेकंदाने आणि शब्द बदलला असेल तरच त्यात लिहा, नाहीतर प्रत्येक कळेला आवाज येतो आणि माणूस मीटरला कंटाळतो. रकान्याला भाषा मराठी असल्याचं लावा, म्हणजे इंग्रजी आवाज देवनागरी वाचायला जाणार नाही. वाक्यासाठी दोन ओळींची जागा आधीच राखा आणि ओळींची उंची १.६ ठेवा. कमी ठेवली तर वेलांट्या आणि उकार कापले जातात.

सर्व्हर

ब्राउझरमधला मीटर फक्त सल्ला देतो. तो वगळून कोणीही थेट विनंती पाठवू शकतो, त्यामुळे किमान लांबी, यादी, स्कोअर आणि गळतीची तपासणी सर्व्हरवर पुन्हा करा. पायथन, पीएचपी, जावा यांत या लायब्ररीची रूपांतरं आहेत, पण कोशांच्या आवृत्त्या वेगळ्या असतात. ब्राउझर ३ म्हणतो, सर्व्हर २ म्हणून नाकारतो, आणि वापरकर्त्याला चूक कुठे झाली ते कळत नाही. शक्य असेल तर सर्व्हरवरही जावास्क्रिप्टचीच तीच आवृत्ती चालवा. निदान तुमची मराठी यादी तरी एकाच फाइलमधून दोन्हीकडे जाऊ द्या. ३च्या खाली नाकारणं सर्वसाधारण ॲपला योग्य आहे. नाकारताना पट्टीखाली आलेलं तेच वाक्य परत दाखवा.

ॲप लोकांसाठी खुलं करण्याआधी टाकून पाहायचे पासवर्ड

रिकामा रकाना, १२३४५६ रोमन अंकांत आणि देवनागरी अंकांत, कीबोर्डची वरची ओळ, नोंदणीतलं नाव, ‘@’ आणि जन्मवर्ष, २०१८ आणि चालू वर्ष लावलेला एकच शब्द, दोन्हींना सारखाच निकाल यायला हवा, एकच अक्षर वीस वेळा, ‘महाराष्ट्र’ दोन्ही लिप्यांत, गाडीचा नंबर, मॅनेजरने भरलेला २० अक्षरांचा पासवर्ड, पट्टी लगेच भरायला हवी, ३० देवनागरी चिन्हांचं वाक्य, एकदा फोनवर टाकून संगणकावरून लॉगिन, ‘दुसऱ्या’ हा शब्द दोन कीबोर्डांवरून, ५,००० अक्षरांचं पेस्ट, नेटवर्क बंद करून पूर्ण नोंदणीचा प्रयत्न.

चालू झाल्यावर नोंद ठेवायची ती एवढीच: कोणत्या कारणाने किती वेळा नाकारलं गेलं आणि तिथून किती जणांनी फॉर्म सोडून दिला. पासवर्ड, त्याचा तुकडा, त्याची लांबी किंवा स्कोअर कोणत्याही खात्याशी जोडून लॉगमध्ये जाता कामा नये. लॉग चोरीला गेला तर ‘स्कोअर २’ अशी खूण असलेली खातीच आधी फोडली जातात.